सचित्र बालपुस्तकांच्या प्रथमावृत्ती : संग्राहकांचा सोस आणि समीक्षेची अनास्था

बालसाहित्यावरील चर्चासत्रांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अलीकडे एक नवा सूर ऐकू येऊ लागला आहे. जुन्या सचित्र बालपुस्तकांच्या प्रथमावृत्ती, त्यातही लेखकाची स्वाक्षरी असलेल्या प्रती, जमवणारा एक हौशी वर्ग आपल्याकडे तयार होत असून त्याच्यामुळे मराठी बालसाहित्याचा ठेवा सुरक्षित राहणार आहे, असे सांगितले जाते. युरोप-अमेरिकेत अशा प्रतींचे लिलाव होतात, त्यांच्या स्वतंत्र सूची निघतात, त्यांना काचेची कपाटे लाभतात. मग आपणच मागे का राहावे, असाही प्रश्न ओघाने येतो. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु संग्रह म्हणजे जतन आणि जतन म्हणजे अभ्यास, हे जे समीकरण येथे गृहीत धरले जाते ते तपासून पाहिल्यास टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि ते टिकत नाही याचा दोष संग्राहकांपेक्षा आपल्याकडे, म्हणजे विद्यापीठीय समीक्षेकडे, अधिक जातो.

प्रथम 'स्वाक्षरीची प्रत' या वस्तूचे स्वरूप पाहू. जे. एम. बॅरी यांचे 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स' हे पुस्तक आर्थर रॅकम यांच्या चित्रांसह १९०६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या विक्रीच्या आवृत्तीबरोबरच त्याची ५०० प्रतींची एक मर्यादित आवृत्ती काढण्यात आली. तिच्या प्रत्येक प्रतीवर क्रमांक होता आणि स्वाक्षरी होती. ही दुर्मिळता काळाच्या ओघात निर्माण झालेली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून योजलेली होती. मुलाने हाताळावे म्हणून ते पुस्तक बांधलेले नव्हते. मुलाच्या हातापासून ते दूर राहावे, अशीच त्याची बांधणी होती. बालपुस्तक प्रौढांच्या दिवाणखान्यात नेण्याचा हा व्यवहार होता. त्यात गैर काही नाही, पण त्याला बालसाहित्याचे जतन म्हणता येणार नाही.

आता आमच्या जिल्ह्यातील ५०० प्रतींकडे वळू. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला, त्याच्याही ५०० प्रती निघाल्या होत्या. ते बालपुस्तक नव्हे आणि सचित्रही नव्हे. तरी प्रथमावृत्तीचा विचार करताना मला ते टाळता येत नाही. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'च्या अंकात त्याची पाठराखण केली, त्यानंतर ते पुस्तक मराठी वाङ्मयेतिहासातून जवळजवळ नाहीसे झाले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले तेव्हा एकोणिसाव्या शतकातील स्त्रीविषयक विचाराची मांडणीच बदलावी लागली. रॅकमच्या ५०० प्रती दुर्मिळ आहेत, कारण त्या दुर्मिळ ठेवायच्या होत्या. ताराबाईंच्या दुर्मिळ झाल्या, कारण त्यांची कोणाला गरज वाटली नाही. बाजाराच्या भाषेत या दोन्ही दुर्मिळता सारख्याच. अभ्यासाच्या भाषेत त्या परस्परविरुद्ध आहेत. मराठीतील सचित्र बालपुस्तके कोणत्या अर्थाने दुर्मिळ झाली आहेत, याचे उत्तर उघड आहे. ती ताराबाईंच्या वाटेने गेली, आणि त्यांना आपण रॅकमचे निकष लावू पाहतो.

वाल्टर बेन्यामिन याचे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते. तो स्वतः संग्राहक होता, मुलांच्या जुन्या पुस्तकांचा संग्राहक होता, आणि त्याच्या संग्रहातील सुमारे दोनशे पुस्तके आज फ्रांकफुर्ट विद्यापीठात आहेत. १९३१ साली त्याने आपले ग्रंथ खोक्यांतून काढतानाच्या अनुभवावर लिहिलेला निबंध आमच्याकडील संग्राहकांनाही ठाऊक असतो. परंतु त्याच बेन्यामिनने पुढे यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीचे तेजोवलय लोपते, अशी मांडणी केली. सचित्र बालपुस्तक हे तर यांत्रिक पुनरुत्पादनाचेच अपत्य; ठोकळे, शिळाछाप, जस्ताचे ब्लॉक आणि नंतर ऑफसेट यांच्यावाचून त्याला अस्तित्वच नाही. हजारो सारख्या प्रतींपैकी एकीवर शाईने नाव लिहून घेणे म्हणजे गेलेले तेजोवलय मागच्या दाराने परत आणणे होय. बेन्यामिनच्या बालपुस्तकांवरील लेखनात याहून अगदी वेगळे निरीक्षण आढळते. रंगीत चित्रात मूल शिरते, तर काळ्यापांढऱ्या चित्रावर ते स्वतः काही रेखाटते, त्यात आपले अक्षर मिसळते, असे तो सांगतो. म्हणजे ज्या रेघोट्यांमुळे बाजारात प्रतीची किंमत घसरते, त्याच रेघोट्या त्याच्या दृष्टीने वाचनाच्या खुणा होत. त्याचा हवाला देणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

मुख्य प्रश्न पुढे आहे. स्वाक्षरी कोणाची? रॅकमच्या त्या प्रतींवर सही होती ती रॅकमची, म्हणजे चित्रकाराची. १८६५ साली 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड'ची छापून झालेली पहिली आवृत्ती मागे घेण्यात आली, कारण जॉन टेनिएल या चित्रकाराला चित्रांची छपाई पसंत पडली नाही. तिच्या आज जेमतेम वीस-बावीस प्रती शिल्लक असल्याचे मानले जाते, आणि जगातील संग्राहक ज्या प्रतींसाठी धडपडतात त्या याच. त्यांचे मोल एका चित्रकाराच्या नकारातून निर्माण झालेले आहे. आम्ही तो बाजार आयात केला, पण चित्रकाराचा मान मात्र सीमेपलीकडेच राहिला. आपल्याकडे स्वाक्षरीची प्रत म्हणजे लेखकाची, 'सप्रेम भेट' असे लिहिलेली प्रत. चित्रकाराची सही मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

वास्तविक ती सही मागावीच लागत नाही, कारण ती आधीच छापलेली असते. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) किंवा रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांच्या चित्राच्या कोपऱ्यात त्यांचे नाव असे, आणि ज्यांनी लहानपणी ती चित्रे पाहिली त्यांना पुस्तकाच्या लेखकाचे नाव विसरले तरी त्या सहीचे वळण आठवते. ही स्वाक्षरी चित्राबरोबर ब्लॉकमध्ये उतरते आणि प्रत्येक प्रतीवर उमटते. पुण्यातील श्रीमंत संग्राहकाच्या प्रतीवर ती जेवढी असते तेवढीच मेहकर किंवा देऊळगाव राजा येथील वाचनालयाच्या प्रतीवर असते. या अर्थाने सचित्र बालपुस्तकाची प्रत्येक प्रत स्वाक्षरीचीच असते. संग्राहकाला ती पुरत नाही, कारण ती सर्वांजवळ आहे. समीक्षकाला तर ती दिसतच नाही.

दिसत नाही, हे मी जाणूनबुजून लिहितो. बालसाहित्यावरील आपले प्रबंध उघडून पाहावेत. आशय, विषय, भाषा, संस्कारमूल्य, मनोरंजन, बालमानस असा प्रकरणांचा ठरलेला क्रम. चित्रांविषयी फार तर शेवटच्या प्रकरणात 'आकर्षक चित्रांमुळे पुस्तक वाचनीय झाले आहे' एवढे एक वाक्य. चित्रकाराचे नाव नाही. कोणत्या आवृत्तीचा आधार घेतला याचा उल्लेख नाही, असला तर प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि हाताशी असलेल्या पुनर्मुद्रणाचे पृष्ठांक असे मिश्रण. बालपुस्तकाच्या पुनर्मुद्रणात चित्रे बदलणे ही नित्याची गोष्ट आहे. ब्लॉक झिजतात, हरवतात, प्रकाशक बदलतो, नव्या चित्रकाराकडून काम करून घेतले जाते. शब्द तेच राहतात म्हणून संहिता तीच राहिली, असे आपण मानतो. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' (१९६१) किंवा 'एटू लोकांचा देश' (१९६३) यांवर लिहिताना एकेका कवितेतील कल्पनेची, नादाची, विक्षिप्ततेची बारकाईने चर्चा करणारा अभ्यासक, पानावर ती कविता कोणत्या चित्राच्या शेजारी आणि किती जागेत छापली होती, हा प्रश्न विचारत नाही. मुलाने मात्र कविता आणि चित्र एकत्रच वाचलेले असते. किंबहुना ज्या मुलाला अजून अक्षरओळख नाही त्याने केवळ चित्रच वाचलेले असते, आणि शब्द आईच्या तोंडून ऐकलेले असतात. या वाचकाची संहिता कोणती? जेरार झेनेतने १९८७ साली ग्रंथाच्या 'उंबरठ्यां'चा, म्हणजे शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना इत्यादींचा, विस्तृत विचार मांडला. आपल्या परिसंवादांत त्याचे नाव घेतले जाते, परंतु उंबरठ्याची ही चर्चा आपण कादंबरीच्या दारातच थांबवतो. सचित्र बालपुस्तकात चित्राला उंबरठा म्हणणेही अपुरे आहे. तेथे चित्र घरातच राहते. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी लेखिका स्वतःच चित्रकार असते तेव्हा हे कोणालाही नाकारता येत नाही. त्यांच्या पुस्तकांचा गौरव होतो तो यामुळेच. पण दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्याखेरीज आपण चित्राला लेखनाचा दर्जा द्यावयास तयार होत नाही, ही गोष्ट त्यातूनच उघडी पडते.

ही अनास्था केवळ समीक्षेत नाही, ती नोंदीच्या रकान्यांपर्यंत पोचलेली आहे. कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाची दाखल नोंदवही पाहावी. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक, शेरा. चित्रकाराला रकाना नाही. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या बळावर १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतचा खंड दिला. हे काम एवढे मोठे आहे की आपण आजही त्याच्यावर जगतो. परंतु दाते यांच्यानंतर त्यात चित्रकारांची एखादी नामसूची जोडावी, असे किती विभागांना वाटले? एम. ए.च्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनाही हे काम झेपले असते.

या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, निष्कासनासाठी बाजूला काढलेली बालविभागाची पुस्तके पाहण्याचा योग मला आला. त्यांत पाठीवर शिवण उसवलेली, मुखपृष्ठ गेलेली, कडेला वाळवीने खाल्लेली अशी चार-पाचशे पुस्तके असावीत. बहुतेकांवर वाचनालयाचे दोन दोन शिक्के. एका राजाला कोणी निळ्या पेन्सिलीने चष्मा काढला होता, आणि त्याच पुस्तकात पुढे राक्षसाच्या चित्रावर इतक्या जोराने रेघा मारलेल्या होत्या की कागद फाटला होता. देवघेवीच्या चिठ्ठीवर तारखांची दाट रांग होती. नियमानुसार ही पुस्तके 'जीर्ण' होती आणि ती काढून टाकण्यात कोणाची चूक नव्हती; अनुदानाच्या तपासणीत जीर्ण पुस्तके मोजली जात नाहीत. हौशी संग्राहकाला ती नको होती, कारण शिक्का हा त्याच्या दृष्टीने दोष. आणि विद्यापीठाला ती नको होती, कारण 'पुस्तक उपलब्ध आहे'. नवे पुनर्मुद्रण दुकानात मिळते. खानदेश-वऱ्हाडच्या सीमेवरील एका गावातील मुलांनी तीस-चाळीस वर्षे कोणती चित्रे पाहिली, कोणत्या पानावर ती रेंगाळली, कोणत्या चित्राला घाबरली, याचा एवढा रोख पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतावर आपण पानेच्या पाने लिहितो. वाचकाने प्रतिसाद दिलेला कागद मात्र रद्दीच्या भावाने जातो.

गंमत अशी की, ज्या गोष्टीची जाण समीक्षेला नाही ती कायद्याला होती. १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांना द्यावयाची असते. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत सर्व नकाशे व चित्रे यांसह पूर्ण असावी, चित्रांचे रंग उत्तमातील उत्तम प्रतीप्रमाणे असावेत, कागदही सर्वांत चांगला असावा, असे त्या अधिनियमात आहे. अन्य ग्रंथालयांना द्यावयाची प्रत मात्र, ज्या कागदावर विक्रीसाठी सर्वाधिक प्रती छापल्या त्या कागदावरची असावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे उत्तम प्रत आणि सर्वसामान्य प्रत या दोन्ही जपाव्यात, हा भेद कायदा करणाऱ्यांना सुचला होता. पाठचिकित्सेच्या कोणत्याही वर्गात शिकवण्याजोगा हा भेद आहे. सचित्र पुस्तकाबाबत तर तो अधिकच महत्त्वाचा, कारण रद्द कागदावर चित्र वेगळेच दिसते. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यातही चित्रांसह पूर्ण प्रत देण्याचे बंधन होते. ताराबाईंच्या काळातील ग्रंथांची त्रैमासिक सूची निघत असे ती त्या कायद्यामुळेच. हा कायदा २०२३ च्या नव्या अधिनियमाने रद्द झाला, १ मार्च २०२४ पासून नवा अधिनियम अमलात आला, आणि त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळली गेली. नोंदणी उरली ती नियतकालिकांची. मराठी विभागांपैकी किती ठिकाणी या बदलाची साधी चर्चा तरी झाली? लिलावातील किमतींविषयी मात्र आम्हांला कुतूहल आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी, कारण ती शहरी संग्राहकांच्या नजरेत येतच नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात असंख्य मुलांच्या हाती पडणारे पहिले सचित्र पुस्तक हे 'बालसाहित्य' नसते, ते पाठ्यपुस्तक असते. राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची, स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली. तिच्या पहिलीच्या पुस्तकातील झाड, विहीर, आजी आणि बैल हेच कित्येक पिढ्यांचे पहिले चित्रदर्शन. या पुस्तकावर लेखकाची स्वाक्षरी असणे शक्य नाही. ते लाखोंनी छापले जाते आणि वर्ष संपताच धाकट्या भावंडाकडे वा रद्दीवाल्याकडे जाते. त्याची प्रथमावृत्ती हौशी संग्राहक शोधत नाही, कारण त्याला बाजार नाही. आपण शोधत नाही, कारण ते 'साहित्य' नाही. आणि तरीही पाठ्यपुस्तकाच्या श्रेयपानावर चित्रकाराचे नाव छापलेले असते! ज्या संस्थेला आपण साचेबंद म्हणून नावे ठेवतो तिने चित्रकाराला दिलेला हा मान आपल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत आढळत नाही. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंकही याच मंडळाने विनामूल्य सर्वांसाठी खुले केले. म्हणजे हे काम होऊ शकते. ते करण्यासाठी लिलावघर लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. संस्था जपत नाहीत म्हणूनच व्यक्तींनी जपले. संग्राहक नसते तर आज बोलावयासही काही उरले नसते. हे खरे आहे. दाते काय, मालशे काय, पोथ्या शोधत गावोगाव हिंडणारे संशोधक काय, हे सारे एका अर्थाने संग्राहकच होते. रद्दीच्या दुकानातून एखादे 'आनंद'चे किंवा 'बालबोधमेवा'चे जुने बाड वाचवणाऱ्या माणसाचे ऋण मान्य न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. माझा विरोध त्याला नाही. तो वाचवतो ते नाहीसे होऊ नये म्हणून. त्याला शिक्का चालतो, फाटके पान चालते, मुखपृष्ठावरचे तेलाचे बोट चालते. माझा विरोध आहे तो निकषाला. स्वाक्षरी, प्रथमावृत्ती आणि निष्कलंक अवस्था या तीन कसोट्या लावल्या की मराठी सचित्र बालपुस्तकांचा फार मोठा भाग आपोआप बाद होतो, आणि जो उरतो तो मुलांनी न वाचलेला असतो. बिआट्रिक्स पॉटरने 'पीटर रॅबिट'च्या २५० प्रती १९०१ साली स्वतः छापून घेतल्या, त्यांतील चित्रे बहुतांशी एकरंगी होती. जगभरच्या मुलांनी पाहिला तो १९०२ च्या प्रकाशकाच्या आवृत्तीतील रंगीत ससा. कालानुक्रमे पहिली आवृत्ती आणि वाचनानुक्रमे पहिली आवृत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि समीक्षेला दुसरीची गरज पहिलीइतकीच आहे. बाजाराला तशी गरज असण्याचे कारण नाही. बाजाराकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. अपेक्षा आपल्याकडूनच करावयाची.

ती फार मोठीही नाही. बालसाहित्यावरील प्रबंधात प्रत्येक पुस्तकाची वापरलेली आवृत्ती, तिचे वर्ष आणि चित्रकार यांचा निर्देश नसेल तर मार्गदर्शकाने तो परत करावा. कादंबरीच्या प्रबंधात लेखकाचे नाव गाळलेले आपण चालवून घेतो काय? आवृत्तींमधील चित्रांचे बदल नोंदवणारे छोटे लेख आपल्या नियतकालिकांनी छापावेत, जरी त्यांत एकही नवा सिद्धांत नसला तरी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ पासून आहे. त्याच्या आधारे अनुदान घेणाऱ्या वाचनालयांत निष्कासनाची यादी तयार होतेच. ती यादी रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे एकदा यावी, आणि विभागाने चार विद्यार्थी पाठवून बालविभागाची मुखपृष्ठे, श्रेयपाने आणि रेघोट्या मारलेली पाने यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. यासाठी शासकीय ठराव लागत नाही, ग्रंथपालाशी बोलावे लागते. तोपर्यंत, नवीन नोंदवह्या छापल्या जाईपर्यंत, दाखल नोंदवहीतील 'शेरा' हा रकाना बालविभागाच्या पानांवर बहुधा मोकळाच असतो. चित्रकाराचे नाव लिहिण्याइतकी जागा त्यात आहे.